हरवलेल्या माणसाच्या मोबाईलचं लोकेशन पोलीस कसं काढतात: कोकणातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी मिरग नुकताच लागला होता तेव्हा आमचे आबा, म्हणजे माझे चुलत सासरे, संध्याकाळचा चहा घेऊन घरातून बाहेर पडले ते रात्र झाली तरी परत आले नाहीत. वय चौऱ्याहत्तर, विसरायला लागलेले, खिशात साधा बटणांचा फोन. दोन रात्री आणि एक अख्खा दिवस आम्ही शोधत होतो. आबा सापडले, जिवंत सापडले, पण त्या दोन रात्रींत पोलीस, टॉवर, लोकेशन, सीडीआर हे शब्द इतक्या वेळा कानावर पडले आणि त्यातलं इतकं थोडं कळत होतं की नंतर मी सगळं नीट विचारून घेतलं, पोलिसांना, वकिलांना, टॉवरवर काम करणाऱ्या आमच्या वाडीतल्या मुलाला. आता तालुक्यात कुणाचं माणूस हरवलं की कुणी ना कुणी माझा नंबर देतं आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी वकील नाही, पोलीसही नाही, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातली बाई आहे.

माणूस हरवल्यावर चोवीस तास थांबावं लागतं का?

नाही. नाही म्हणजे नाही. असा कुठलाही नियम नाही, पण हे वाक्य लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की घरचेच रात्रभर थांबतात आणि कधी कधी ठाण्यातसुद्धा तेच ऐकायला मिळतं. आम्ही रात्री नऊला गेलो तेव्हा टेबलावरच्या माणसाने सांगितलं, वहिनी, म्हातारं माणूस आहे, कुणाकडे तरी बसलं असेल, चोवीस तास होऊ द्या मग बघू. आम्ही मुकाट घरी आलो. सकाळी माझ्या दिराने ओळखीतून वरच्या साहेबांना फोन लावला तेव्हा मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, दाखल झाली. ती रात्र गेली ती गेलीच, आणि त्या रात्री आबांचा फोन सुरुवातीला चालू होता हे नंतर कागदावर दिसलं. त्यामुळे माणूस नेहमीच्या वेळेला आला नाही, फोन उचलत नाही आणि तुमचा जीव थाऱ्यावर नाही, एवढं झालं की निघा. ठाणं लांब असेल तर आधी ११२ लावा, त्या कॉलची नोंद राहते आणि वेळ पक्की होते.

मूल हरवलं असेल तर?

अठरा वर्षांखालचं कुणीही असेल तर साधी मिसिंग नाही, थेट एफआयआर. सुप्रीम कोर्टाने १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलनच्या केसमध्ये हे सांगून ठेवलंय, मूल हरवलं की ते पळवून नेलंय किंवा विकलं जाऊ शकतं असं धरूनच तपास सुरू करायचा. सतरा वर्षांचा मुलगा घरात भांडून गेला तरी हेच लागू. एफआयआर झाला की लोकेशन मागवायलाही पक्का आधार मिळतो, म्हणून यात तडजोड करू नका. सोबत १०९८ या चाईल्डलाईनलाही कळवा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडे जातो.

पोलीस लोकेशन काढतात म्हणजे नेमकं काय मागवतात?

चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सगळ्याला लोकेशनच म्हणतो.

सीडीआर म्हणजे त्या नंबरवरून कुणाला किती वाजता फोन झाला, किती सेकंद, मेसेज कधी, आणि प्रत्येक वेळी फोन कुठल्या टॉवरला लागलेला होता त्याची यादी. यात तुम्ही काय बोललात ते नसतं. एसडीआर म्हणजे सिम कुणाच्या नावावर आहे तो फॉर्म. नेटचा वापर असेल तर त्याचा वेगळा रेकॉर्ड असतो. आणि चालू लोकेशन म्हणजे आत्ता या क्षणी फोन कुठल्या टॉवरच्या हद्दीत आहे ते. शेवटचा प्रकार टॉवर डंप, म्हणजे एखाद्या टॉवरवर अमुक वेळात जेवढे फोन आले तेवढ्या सगळ्यांची यादी, पण तो गुन्ह्याच्या तपासात जास्त लागतो, हरवलेल्या माणसासाठी सहसा नाही, आणि शंभर निरपराध लोकांचे नंबर त्यात येतात म्हणून तो ऊठसूट काढूही नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपन्यांना हा रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावा लागतो, डिसेंबर २०२१ पासून, आधी एक वर्ष होतं. त्यामुळे कुणी म्हणालं की आता महिना झाला, रेकॉर्ड गेला असेल, तर तसं नाही.

मग ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर लगेच का नाही दिसत? सिनेमात तर मिनिटात दिसतं

कारण ठाण्यात तशी स्क्रीनच नसते. ठाण्यातून मागणी जाते एसपी, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांच्या, ऑफिसला, सीडीआर मागवायचा अधिकार एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच आहे, हे २०१३ मध्ये कडक केलं गेलं कारण त्याआधी एका मोठ्या नेत्याचे कॉल रेकॉर्ड खालच्या पातळीवरून काढल्याचं प्रकरण गाजलं होतं. एसपी ऑफिसमधून ठरलेल्या ईमेलवरून कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे, म्हणजे पोलिसांच्या मागण्या बघणाऱ्या माणसाकडे, मागणी जाते, तिकडून उत्तर येतं, मग सायबरवाले किंवा एलसीबीवाले, म्हणजे जिल्ह्याच्या गुन्हे शाखेतले लोक, ते वाचून ठाण्याला सांगतात. म्हणजे तुमच्या अर्जापासून उत्तरापर्यंत चार-पाच हात. प्रत्येक हात चांगला असला तरी वेळ जातोच, आणि रविवार असेल, गणपतीचा बंदोबस्त असेल तर अजून.

म्हणूनच मी म्हणते की तुमच्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे पहिला कागद लवकर हलवणं. ठाण्यात शांतपणे विचारा, साहेब, एसपी ऑफिसला लोकेशनची मागणी गेली का, किती वाजता गेली. भांडून नाही, पण विचारायचंच. आणि अर्जात जिवाला धोका का आहे ते एका ओळीत लिहा, वय, आजार, औषधं, चिठ्ठी ठेवली असेल तर ती, कुणाची धमकी असेल तर ती. इन्शुलिनवर असलेला माणूस आणि रागावून मित्राकडे गेलेला माणूस यात वरच्या ऑफिसला फरक कळला पाहिजे, तो कागदावरून कळतो.

कोर्टाची ऑर्डर लागते का?

सीडीआरसाठी आपल्याकडे कोर्टात जावं लागत नाही. पूर्वी सीआरपीसी कलम ९१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आहे, त्याखाली पोलीस तपासासाठी किंवा चौकशीसाठी कागदपत्रं आणि डिजिटल रेकॉर्ड मागवू शकतात. फोन टॅप करणं, म्हणजे बोलणं ऐकणं, ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्याला गृह सचिवांच्या पातळीवरची परवानगी लागते, आधी टेलिग्राफ ॲक्ट १८८५ खाली होतं आता टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट २०२३ खाली. बऱ्याच बायका मला घाबरून विचारतात की मिसिंग दिली तर पोलीस आमच्या घरच्यांची बोलणी ऐकतील का. नाही ऐकत.

टॉवर लोकेशन किती बरोबर असतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच आमचं चुकलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टॉवर लोकेशन म्हणजे नकाशावरचा टिंब नाही. एका टॉवरला साधारण तीन तोंडं असतात, प्रत्येक तोंड तिसरा हिस्सा बघतं. कागदावर येतं ते एवढंच की फोन या टॉवरच्या या तोंडाला लागला होता. मुंबईत टॉवर जवळ जवळ असतात, त्यामुळे दोन-चारशे मीटरमध्ये माणूस येतो. आपल्याकडे समजा टॉवर तीन किलोमीटरपर्यंत पोचतो, तर पूर्ण गोल होतो अठ्ठावीस चौरस किलोमीटरचा आणि एक तोंड धरलं तरी नऊच्या वर. नऊ चौरस किलोमीटरमध्ये आपल्याकडे काय काय मावतं विचार करा, दोन-तीन वाड्या, एक पऱ्या म्हणजे ओढा, आंब्याच्या बागा, काजू, सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, करवंदीची जाळी.

आणि कोकणात अजून एक गंमत नसलेली गोष्ट होते. फोन जवळचा टॉवर धरत नाही, ज्याचा सिग्नल चांगला मिळतो तो धरतो. आपलं गाव डोंगराच्या पोटात, टॉवर डोंगराच्या डोक्यावरून पलीकडे, तर तो जवळ असून उपयोगाचा नाही. उलट खाडीपलीकडचा टॉवर सरळ समोर दिसतो, मध्ये नुसतं पाणी, पाण्यावर काही आडवं येत नाही, त्यामुळे सिग्नल सपाट येतो. दाभोळला उभं राहून धोपाव्याच्या बाजूचा टॉवर लागू शकतो, जयगडच्या बाजूला उभं राहून तवसाळकडचा. २जी चा टॉवर तर नियमाने पस्तीस किलोमीटरपर्यंत फोन धरू शकतो आणि समुद्रावर, खाडीवर तो लांबच पोचतो.

आमच्या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदारांनी एक घडी घातलेला कागद दाखवला, प्रिंटरची शाई फिकी, सात ओळी. शेवटच्या तीन ओळींवर पेनाने गोल केलेला, आणि टॉवरचं नाव खाडीपलीकडच्या गावाचं. झालं, सगळ्यांनी ठरवलं की आबा फेरीबोटीने पलीकडे गेले. पंधरा-वीस पोरं बाईक घेऊन पलीकडे गेली, संध्याकाळपर्यंत तिकडचं देऊळ, बाजार, एसटी स्टँड पालथं घातलं. फेरीवर तिकीट फाडणारा मुलगा आबांना चांगला ओळखतो, तो पहिल्यापासून सांगत होता की काका काल माझ्या बोटीवर चढलेच नाहीत, पण कागदापुढे त्याचं कुणी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे टॉवरवर काम करणारा मुलगा म्हणाला, काकी, आपल्याच बाजूला पण खाडीकडे तोंड करून असलेला जो उतार आहे ना, तिथे उभं राहिलं की मला नेहमी पलीकडची रेंज मिळते. तो उतार म्हणजे आमच्याच भावकीची जुनी काजूची बाग, राखणीची खोप आहे तिथे, सीझन संपला की ओस. आबा तिथे होते. पाय मुरगळलेला, भिजलेले, पागोळ्यांचं पाणी प्यायले होते म्हणाले. फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेला, पाऊस लागू नये म्हणून, आणि बॅटरी संपलेली.

घरापासून दीड किलोमीटर.

मग लोकेशन आल्यावर काय करायचं?

कागदावरच्या गावाचं नाव वाचून पळू नका. पोलिसांना विचारा की टॉवरचं तोंड कुठल्या दिशेला आहे, शेवटच्या दोन-तीन नोंदी एकाच तोंडाच्या आहेत की बदलत गेल्यात. एकच तोंड तासन् तास असेल तर माणूस बसून आहे किंवा फोन पडलाय. टॉवर एकामागून एक रस्त्याच्या क्रमाने बदलत असतील, समजा पाली, साखरपा, मग आंबा, तर गाडीत बसून घाटावर निघालाय. स्टेशनच्या क्रमाने भराभर बदलत असतील तर रेल्वे, मग लगेच १३९ ला आणि आरपीएफला, म्हणजे रेल्वेच्या सुरक्षा दलाला, कळवायला सांगा. आणि मग गावातल्या चार माणसांना बोलवा, गुरं फिरवणारा, आंब्याच्या बागेत राखण करणारा, एसटीचा कंडक्टर, पोलीस पाटील, त्यांना विचारा की ही रेंज आपल्या हद्दीत कुठे कुठे मिळते. कंपनीकडे याचं उत्तर नसतं, यांच्याकडे असतं. मी तर म्हणते पोलिसांनीच हे पहिल्या दिवशी विचारायला हवं.

सडा हा वेगळा विषय. सड्यावर उभं राहिलं की चारी बाजूचे टॉवर मिळतात, फोन एका जागी असून कधी हा कधी तो टॉवर दाखवतो, कागदावर वाटतं माणूस धावतोय.

फोनमध्ये जीपीएस असतं ना, ते का नाही वापरत?

१ जानेवारी २०१८ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये जीपीएस असलं पाहिजे असा नियम आहे. पण जीपीएस फोनला सांगतं की तू कुठे आहेस, फोन ते आपणहून कंपनीला सांगत बसत नाही. ते कळतं जेव्हा फोनमधलं एखादं ॲप ते पुढे पाठवतं तेव्हा, आणि इथे घरचे लोक पोलिसांपेक्षा लवकर काम करू शकतात. हरवलेल्या माणसाचं गुगल अकाउंट घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर आधीच चालू असेल तर फाइंड हब उघडून बघा, आधी त्याचं नाव फाइंड माय डिव्हाइस होतं. आयफोन असेल तर फाइंड माय, आयफोन ११ आणि पुढचे बरेच फोन बंद केले तरी आसपासच्या आयफोनमुळे सापडू शकतात. व्हॉट्सॲपवर कुणाला लाईव्ह लोकेशन पाठवलं होतं का विचारा, ते जास्तीत जास्त आठ तास चालतं. पासवर्ड माहीत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका, अकाउंट लॉक होतं आणि मग पोलिसांनाही त्रास.

जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट, वेळेसकट.

फोन स्विच ऑफ असेल तर काहीच मिळत नाही का?

चालू लोकेशन मिळत नाही. पण शेवटचं मिळतं, बंद व्हायच्या आधी फोन कुठल्या टॉवरला होता ते. फोन नीट बंद केला तर तो नेटवर्कला सांगून जातो की मी चाललो. पाण्यात पडला, बॅटरी काढली, किंवा रेंजच गेली तर तो काही न सांगता नाहीसा होतो आणि नेटवर्क काही वेळ त्याला शोधत राहतं, म्हणून आपल्याला कधी स्विच ऑफ ऐकू येतं कधी कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. कंपनीकंपनीचे आवाज वेगळे असतात त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नका, पण किती वाजता काय ऐकू आलं ते वहीत लिहा. आमच्या जावेने दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवलं होतं, सात वाजता पूर्ण रिंग, सात चाळीस रिंग, सव्वाआठ लागत नाही. पोलिसांना ते कागदाशी जुळवायला फार उपयोगी पडलं.

सारखा फोन लावत राहायचं का?

सगळ्या नातेवाईकांनी मिळून नाही. मुंबईहून, पुण्याहून, सुरतेहून एकाच वेळी चाळीस जण फोन लावतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या फोनची बॅटरी तासाभरात उतरते. एकाने लावायचं, थोड्या थोड्या वेळाने, आणि एक साधा मेसेज टाकून ठेवायचा की जिथे असाल तिथेच थांबा, ११२ दाबा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून इमर्जन्सी कॉल लागू शकतो, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधीच सांगून ठेवा.

ठाण्यात जाताना काय न्यायचं?

अलीकडचा फोटो. अंगावर काय कपडे होते. दोन सिम असतील तर दोन्ही नंबर आणि कंपन्या, लोक एकच सांगतात आणि दुसरं सिम राहून जातं. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, तो खोक्यावर किंवा बिलावर असतो, आबांचं खोकं माळ्यावरच्या ट्रंकेत रेशनकार्डाखाली सापडलं रात्री एक वाजता. आयएमईआय असला तर फोनमध्ये दुसरं सिम टाकलं तरी कळतं. मग जीमेल आयडी, यूपीआय कुठल्या नंबरवर आहे, गाडी नेली असेल तर गाडीचा नंबर, शेवटचा फोन कुणाशी झाला. एवढं एका कागदावर लिहून दोन झेरॉक्स. तक्रारीची पोचपावती किंवा मिसिंगचा नंबर घेतल्याशिवाय उठू नका.

घरच्यांनी काय करायचं नाही?

डुप्लिकेट सिम काढायचं नाही. कुणीतरी शहाणा सांगतो की सिम काढा म्हणजे कॉल येतील, पण नवीन सिम चालू झालं की हरवलेल्या माणसाच्या खिशातलं सिम मेलं, मग लोकेशन तुमच्याच घरातलं दिसणार. सरकारच्या संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा नाही, ते चोरीच्या फोनसाठी आहे, ब्लॉक झालेला फोन नेटवर्क धरत नाही. माणूस फोनसोबत असेपर्यंत फोन चालू राहणं हाच धागा आहे. आणि रिचार्ज संपत असेल तर तुम्ही मारा, महिनोन् महिने मारावा लागला तरी मारा, नंबर बंद पडला तर माणसाने मनात आणलं तरी त्याला फोन करता येत नाही, येतही नाही.

लोकेशनचा कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पळवून नेलं असेल तर नेणारासुद्धा त्याच ग्रुपवर असू शकतो.

समुद्रावर गेलेला माणूस असेल तर?

तिथे टॉवरच्या भरवशावर एक मिनिटही घालवू नका. किनाऱ्यापासून काही मैल गेलं की रेंज तुटते, शेवटचं लोकेशन म्हणजे बंदराच्या जवळचा टॉवर एवढंच कळतं आणि बोट त्यानंतर वाऱ्याने आणि करंटने कुठल्या कुठे जाते. सरळ तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ लावा, मच्छीमार सोसायटीला कळवा, आसपासच्या बोटींना व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबर चॅनेलवर सांगायला लावा. बोटीवर ट्रान्सपाँडर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र, असेल तर तो मोबाईलपेक्षा शंभर पटीने कामाचा, केंद्र सरकारने ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात एक लाख बोटींसाठी ही योजना सुरू केली, तुमच्या बोटीवर बसलाय का आणि चालू आहे का ते आजच बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्या काळात छोटी होडी घेऊन खाडीच्या मुखाशी गेलेला माणूस हरवला तर काही घरं दंडाच्या भीतीने उशिरा सांगतात. सांगा हो. दंडाचं नंतर बघता येईल.

मुलगा मुंबईत हरवला, आम्ही गावाला. तक्रार कुठे द्यायची?

माणूस जिथून गेला तिथल्या ठाण्यात काम लवकर हलतं, पण तुम्ही गावाहून मुंबईला पोचायला रात्र जाणार, तोवर थांबायचं कारण नाही. गुन्ह्याचा संशय असेल किंवा अल्पवयीन असेल तर कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता, झिरो एफआयआर होतो, नवीन संहितेचं कलम १७३. नाहीतर मुंबईतल्या नातेवाईकाला तिकडच्या ठाण्यात पाठवा आणि तुम्ही इकडे अर्ज द्या, हद्द त्यांनी आपसात बघावी.

कंपनीकडून आम्हीच लोकेशन मागितलं तर? किंवा खासगी डिटेक्टिव्ह?

कंपनी देणार नाही आणि ते बरोबर आहे. आज तुमच्या प्रेमापोटी दिलं तर उद्या कुणाच्याही संशयी नवऱ्याला द्यावं लागेल. पाच-दहा हजारांत सीडीआर काढून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, तो गुन्हा आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असंच खासगी डिटेक्टिव्हांचं सीडीआर विकण्याचं प्रकरण उघड करून अटक केली होती. गुगल सर्चमध्ये नंबर टाका आणि लोकेशन बघा म्हणणाऱ्या साईट तर निव्वळ फसवणूक, हरवलेल्या माणसाच्या घरून पैसे काढणारे लोक आहेत हे बघून माझं डोकं फिरतं. फसलात तर सायबर फसवणुकीच्या १९३० ला तक्रार करा.

सज्ञान मुलगी किंवा सून स्वतःहून गेली असेल, तर पोलीस तिचा पत्ता देतील का?

तिची इच्छा नसेल तर नाही, आणि देऊच नये. अठरा पूर्ण झालेलं माणूस आपल्या मर्जीने घर सोडू शकतं. पोलीस तिला भेटून जबाब घेतात, ती सुखरूप आहे आणि मर्जीने गेलीय याची खात्री करतात, मग घरी एवढंच सांगतात की सापडली, ठीक आहे, आणि मिसिंग बंद होते. आईबापाला हे फार लागतं, मला माहितीये, माझ्याच नात्यात झालंय. पण मी एक बाई अशीही बघितलीय जी मार खाऊन माहेरच्या मावशीकडे लपली होती आणि नवऱ्याने रडत रडत मिसिंग दिली होती, लोकेशन त्याच्या हातात पडलं असतं तर काय झालं असतं. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय, तो हक्क अशाच वेळी कामाला येतो. तुम्ही स्वतः अशी घर सोडलेली बाई असाल तर जवळच्या कुठल्याही ठाण्यात किंवा महिला हेल्पलाईनच्या १८१ ला कळवून ठेवा की मी मर्जीने आलेय, माझा पत्ता सांगू नका.

अमेरिकेत म्हणे कंपनीला लगेच लोकेशन द्यावंच लागतं, खरं का?

काही राज्यांत. २००७ च्या जूनमध्ये कॅन्सस राज्यात केल्सी स्मिथ नावाची अठरा वर्षांची मुलगी दुकानाबाहेरून पळवली गेली, मोबाईल कंपनीने लोकेशन द्यायला जवळपास चार दिवस लावले, आणि दिल्यावर तासाभरात तिचा मृतदेह सापडला. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, २००९ मध्ये कॅन्ससने तिच्या नावाने कायदा केला की जिवाला धोका असेल तर पोलिसांनी मागितल्यावर कंपनीने लोकेशन द्यायचंच, मग बाकी बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. दुसऱ्या बाजूला २२ जून २०१८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने कार्पेंटर खटल्यात ५ विरुद्ध ४ ने ठरवलं की जुनं टॉवर लोकेशन काढायचं तर साधारणपणे वॉरंट पाहिजे, त्या माणसाचं १२७ दिवसांचं लोकेशन वॉरंटशिवाय काढलं होतं. पण तातडीच्या जीवघेण्या प्रसंगाला त्यातून वाट ठेवलीय. आपल्याकडे हरवलेल्या माणसासाठी असा वेगळा कायदा नाही, नेहमीच्याच कलमांवर काम चालतं, म्हणून सगळं त्या त्या अधिकाऱ्याच्या तत्परतेवर अवलंबून राहतं. मला वाटतं आपल्याकडेही तासांची मर्यादा लिहिलेली हवी, आणि पुढे कुणी का मागितलं याची तपासणीही हवी. दोन्ही.

पोलीस दाद देत नाहीत, मग?

आधी ठाण्याचे पीआय, मग डीवायएसपी, मग एसपींना लेखी अर्ज, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. एफआयआर घेत नसतील तर कलम १७३ च्या पोटकलम ४ खाली एसपींकडे आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. कुणी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे त्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, रायगडवाल्यांना मात्र मुंबईच. सगळेच पोलीस वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, ज्या हवालदारांनी तो कागद दाखवला ते दुसऱ्या रात्री आमच्याबरोबर बॅटरी घेऊन चिखलात फिरत होते, घरचं जेवण सोडून.

माणूस सापडला की ठाण्यात सांगावं लागतं का?

हो, लगेच, स्वतः जाऊन जबाब द्यायचा आणि मिसिंग बंद करून घ्यायची. पुष्कळ लोक आनंदात विसरतात, मग सहा महिन्यांनी पोलीस दारात येतात आणि म्हातारं माणूस घाबरतं. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटोसुद्धा सापडले म्हणून परत फिरवा.

आबा आता बरे आहेत. त्यांना मोठा फोन घेतलाय, गुगल मॅपवर लोकेशन माझ्याशी आणि दिराशी शेअर करून ठेवलंय, त्यांना विचारूनच, ते म्हणाले चालेल पण गंजिफा खेळायला जातो ते कुणाला सांगायचं नाही. फोन अजून दुधाच्या पिशवीतच असतो.